रिकाम्या हवेत चुंबकीय क्षेत्राला पीळ दिसतोय? आठ सेन्सरच्या रिंगचं समस्या निवारण

आतून जाणारा करंट त्याच्या चुंबकीय क्षेत्रावरून मोजणाऱ्या या रिंगची मांडणी बहुतेक ठिकाणी सारखीच असते. ॲक्रिलिकची किंवा थ्रीडी प्रिंट केलेली रिंग, तिच्यावर चार किंवा आठ जीवाय-२७१ मॉड्यूल (चुंबकीय क्षेत्र मोजणारे छोटे सेन्सर), मधे टीसीए९५४८ए मल्टिप्लेक्सर (सेन्सर आळीपाळीने जोडून देणारी चिप), वाचायला आर्डुइनो नाहीतर ईएसपी३२ हा कंट्रोलर बोर्ड. प्रत्येक सेन्सरने रिंगच्या कडेकडेने, म्हणजे स्पर्शिकेच्या दिशेने, किती क्षेत्र आहे ते सांगायचं. सगळ्यांची सरासरी काढायची आणि परिघाने गुणायची. क्षेत्र रिंगभोवती गोल फिरत असेल तर आकडा येतो, नसेल तर शून्य यायला हवा.

पण तो शून्य येत नाही. रिंगमधून एकही वायर गेलेली नसताना पीळ, म्हणजे गोल फिरणारं क्षेत्र, दिसतो, कधी स्थिर, कधी हळूहळू फिरणारा. नाशिकमधल्या इंजिनिअरिंगच्या प्रोजेक्टवाल्यांकडून ही तक्रार दर सेमिस्टरला येते. अधूनमधून कुणीतरी 'टॉर्शन फील्ड सापडलं' असंही सांगत येतो.

आधी हिशेब पक्का करू, कारण पुढची प्रत्येक तपासणी त्यावरच उभी आहे. ॲम्पिअरचा नियम सांगतो की बंद वाटेवरून क्षेत्राची बेरीज केली तर ती आतून गेलेल्या करंटच्या १.२५७ पट येते (क्षेत्र मायक्रोटेस्लात, लांबी मीटरमध्ये, करंट ॲम्पिअरमध्ये). रिंगची त्रिज्या ५ सेंटिमीटर असेल तर परिघ ०.३१४ मीटर. म्हणजे आतून १ ॲम्पिअर गेला की सरासरी स्पर्शिक क्षेत्र ४ मायक्रोटेस्ला. आतून काहीच गेलं नाही तर शून्य, मग बाहेर पृथ्वीचं क्षेत्र असो, स्पीकरचं चुंबक असो किंवा शेजारची मोटर असो. रेडिओ फ्रिक्वेन्सीच्या भानगडीत न शिरता, टेबलावरच्या संथ क्षेत्रांसाठी यात पळवाट नाही. म्हणून रिकाम्या रिंगमध्ये आकडा आला तर दोष मांडणीचा, हे धरूनच कामाला लागायचं.

टॉर्शनबद्दल एकदाच सांगून टाकतो. भौतिकशास्त्रात टॉर्शन नावाची खरी कल्पना आहे. एली कार्टाँने ती १९२२ मध्ये मांडली. अवकाशकाळाला पडणारा हा पीळ कणांच्या स्पिनशी जोडलेला असतो, त्या सिद्धांतात तो पदार्थाच्या बाहेर पसरत नाही आणि मॅक्सवेलचं विद्युतचुंबकीय क्षेत्र त्याची दखलही घेत नाही. बाजारात 'टॉर्शन जनरेटर' म्हणून जे विकलं जातं त्याचं मूळ सोव्हिएत काळातल्या एका सरकारी खर्चाच्या कार्यक्रमात आहे. तो छद्मविज्ञान आहे म्हणून तिथल्याच संसदेच्या विज्ञान समितीने १९९१ मध्ये त्याला फटकारलं होतं. जीवाय-२७१ वरची चिप फक्त चुंबकीय क्षेत्र मोजते. तिच्यातून टॉर्शन दिसल्यासारखं वाटलं तर खालच्या यादीतलं एखादं कारण सापडतंच.

लक्षणं

तपासणी सुरू करण्यापूर्वी रिंग टेबलावर सपाट ठेवा, केंद्र न हलवता एक पूर्ण फेरी सावकाश फिरवा आणि आकडा कसा बदलतो ते लिहून ठेवा. अर्धं निदान इथेच होतं.

- रिंग कशीही फिरवली तरी आकडा तेवढाच राहतो. म्हणजे दोष रिंगबरोबर फिरतोय: स्क्रू, हेडरच्या पिना, नाहीतर सेन्सरचा ऑफसेट (क्षेत्र नसतानाही तो दाखवतो तो ठरलेला आकडा).
- एका फेरीत आकडा एकदा वर आणि एकदा खाली जातो. म्हणजे सेन्सर एकमेकांशी कोनात जुळलेले नाहीत किंवा त्यांची संवेदनशीलता वेगवेगळी आहे. पृथ्वीचं क्षेत्र प्रत्येकात थोडं वेगळं मोजलं जातंय.
- एका फेरीत बरेच चढउतार येतात आणि रिंग वीतभर सरकवली की सगळंच चित्र बदलतं. जवळ लोखंड आहे.
- रिंग जागच्या जागी आहे, तरी आकडा काही सेकंदांच्या लयीत तरंगतो. हे घरातल्या विजेच्या ५० हर्ट्झचं काम. 'फिरणारा पीळ' म्हणून जे फोटो येतात त्यातले बहुतेक हेच.
- आकडा गोठतो, मधेच उडी मारतो किंवा दोन सेन्सर अगदी सारखंच वाचन देतात. सोल्डरिंग, वायर किंवा मल्टिप्लेक्सरचा चॅनल बदलत नसणं.
- रिंग सपाट असताना आकडा मोठा पण स्थिर, उभी धरली की बदलतो. अक्षांचा क्रम चुकलाय.

१. आजूबाजूचं लोखंड आणि करंट (खर्च शून्य)

मोबाइल, घड्याळ, किल्ल्या, चुंबकी झाकणाचं फोन कव्हर अर्धा मीटर लांब ठेवा. लॅपटॉप एक मीटर लांब, कारण त्याच्या स्क्रीनच्या कडेला आणि स्पीकरमध्ये चुंबकं असतात. लोखंडी पायांचं टेबल चालणार नाही. प्लास्टिकचं स्टूल घ्या. जमिनीपासून मीटरभर उंची ठेवा, कारण स्लॅबमधल्या सळया खालून डोकावतात.

नाशिकमध्ये आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. इथला काळा दगड म्हणजे दख्खनचा बेसाल्ट. लाव्हा थंड होताना त्यात त्या काळचं क्षेत्र गोठून राहिलंय आणि दगडाच्या एका तुकड्याजवळसुद्धा होकायंत्राची सुई हलू शकते. जुन्या वाड्याच्या दगडी जोत्यावर किंवा घाटाच्या पायऱ्यांवर रिंग ठेवून कॅलिब्रेशन करू नका. मोकळी जागा हवी म्हणून द्राक्षबागेत जाणारेही असतात. मांडवाचे लोखंडी अँगल आणि तारा पाहता त्यापेक्षा घरचा हॉल बरा. मोकळं मैदान, तेही खेळाच्या लोखंडी खांबांपासून आणि पार्किंगपासून दूर, हे सगळ्यात चांगलं.

जागा चांगली आहे का, हे कसं कळणार? एकच सेन्सर घ्या, न फिरवता २० सेंटिमीटर सरकवा. वाचन अर्ध्या मायक्रोटेस्लापेक्षा जास्त बदललं तर जागा बदला.

मग घराचा मेन स्विच बंद करून लॅपटॉपच्या बॅटरीवर वाचन घ्या. मेन बंद केल्यावर पीळ गेला तर दोष बाहेरच्या करंटचा आहे. तसं असेल तर थेट चौथ्या तपासणीकडे जा.

ही काळजी अति वाटत असेल तर कुलाब्याच्या चुंबकीय वेधशाळेचं उदाहरण घ्या. मुंबईत ट्राम विजेवर धावणार म्हटल्यावर तिथल्या नोंदी बिघडणार हे उघड होतं, म्हणून वेधशाळा अलिबागला हलवली आणि १९०४ पासून तिथे नोंदी सुरू झाल्या. नोंदीच्या इमारतीही चुंबकीय नसलेल्या सामानाने बांधल्या.

ॲल्युमिनिअमची फॉइल गुंडाळून काहीही साधत नाही. स्थिर क्षेत्र तिच्यातून सरळ आरपार जातं आणि ५० हर्ट्झ अडवायलासुद्धा सेंटिमीटरच्या वर जाड ॲल्युमिनिअम लागतं.

२. चिप नेमकी कोणती? (खर्च शून्य)

जीवाय-२७१ या एकाच नावाखाली निदान दोन वेगळ्या चिप विकल्या जातात. छापील नावावर विश्वास ठेवू नका. आयटूसी स्कॅनर (सेन्सरच्या आयटूसी जोडणीवर कोणते पत्ते उत्तर देतात ते दाखवणारा छोटा प्रोग्राम) चालवून पत्ता बघा. हेक्स १ई आला तर हनीवेलची एचएमसी५८८३एल. हेक्स ०डी आला तर क्यूएमसी५८८३एल. हल्ली हेक्स २सी देणारी क्यूएमसी५८८३पी सुद्धा येते. मल्टिप्लेक्सर स्वतः हेक्स ७० वर दिसतो, त्याला सेन्सर समजू नका.

फरक फक्त पत्त्याचा नाही. एचएमसी डेटा देते एक्स, झेड, वाय या क्रमाने आणि मोठा बाइट आधी. क्यूएमसी देते एक्स, वाय, झेड आणि लहान बाइट आधी. एकीचा कोड दुसरीला जुळवून घेताना अक्षांचा क्रम तसाच राहिला, की वाय आणि झेडची अदलाबदल होते. मग पृथ्वीच्या क्षेत्राचा उभा घटक आडव्यात मिसळतो आणि रिंगमध्ये जोरदार पीळ दिसायला लागतो. बाइट उलटे असतील तर निदान आकडेच वेडे येतात, चटकन कळतं. अक्षांची अदलाबदल मात्र शहाणे दिसणारे आकडे देते, म्हणून ती जास्त दिवस लपते.

आठही मॉड्यूल एकाच चिपची आहेत का, तेही प्रत्येक चॅनलवर स्कॅन करून बघा. एकाच दुकानातून, एकाच पिशवीतून घेतलेल्या मॉड्यूलमध्येही भेसळ निघते.

३. एकूण क्षेत्र बरोबर येतंय का? (खर्च शून्य)

तिन्ही अक्षांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढा. नाशिकमध्ये ते सुमारे ४३ मायक्रोटेस्ला यायला हवं: आडवं सुमारे ३८, खाली जमिनीत घुसणारं सुमारे २०. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत इथे एका अंशाचाही फरक नाही, त्यामुळे दिशा ताडून बघायला साधं होकायंत्र पुरतं.

४३ च्या ऐवजी ११ च्या आसपास आलं तर क्यूएमसी ±८ गॉसच्या रेंजवर आहे आणि कोडमध्ये ±२ चा भाजक राहिलाय. ±२ ला एका गॉसचे १२,००० काउंट (चिपने दिलेला कच्चा आकडा), ±८ ला ३,०००. एचएमसीला नेहमीच्या ±१.३ च्या रेंजवर १,०९०. एक गॉस म्हणजे १०० मायक्रोटेस्ला. मोबाइलवर फायफॉक्ससारखं मोफत ॲप असेल तर त्याचा आकडा ताडून बघायला चालतो, पण मोबाइल स्वतःचं कॅलिब्रेशन मधेच बदलतो. तेव्हा त्यावर दोनपाच मायक्रोटेस्लाच्या आतली भांडणं करू नका.

४. पन्नास हर्ट्झ (खर्च शून्य, कोडमधला बदल)

सगळ्यात जास्त फसवणारं कारण हेच आहे, म्हणून जरा तपशिलात.

घरातल्या वायरिंगचं क्षेत्र सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होतं. तुमचा सेन्सरही सेकंदाला ५० वेळा वाचत असेल तर तो दर वेळी लाटेच्या जवळपास त्याच जागी पोचतो. चिपचं घड्याळ अगदी ५० वर नसतं आणि ग्रिडची फ्रिक्वेन्सीही किंचित वरखाली होत असते. त्या फरकाएवढ्या संथ लयीत आकडा तरंगतो. पडद्यावर असं दिसतं, की क्षेत्र सावकाश फिरतंय. एचएमसी नेहमीच्या १५ हर्ट्झवर ठेवली तर ५० ची लाट ५ हर्ट्झची होऊन समोर येते.

दुसरी अडचण क्रमाची. मल्टिप्लेक्सरमधून सेन्सर एकापाठोपाठ एक वाचले जातात. १०० किलोहर्ट्झच्या आयटूसीवर चॅनल निवडणं, पत्ता पाठवणं आणि सहा बाइट आणणं याला दर सेन्सरमागे एक मिलिसेकंद जातो. आठ सेन्सर म्हणजे ८ मिलिसेकंद, वर कोडचा वेळ. ५० हर्ट्झची अर्धी लाट असते १० मिलिसेकंदांची. पहिला सेन्सर लाटेच्या माथ्यावर असेल तर आठवा जवळपास तळाशी. बाहेरचं क्षेत्र सगळीकडे सारखं असलं तरी बेरजेत ते वेगवेगळं पडतं आणि खोटा पीळ तयार होतो.

उपाय असा. क्यूएमसी २०० हर्ट्झवर चालवा आणि आयटूसी ४०० किलोहर्ट्झवर. प्रत्येक सेन्सरची चारच्या पटीत वाचनं घेऊन सरासरी काढा. चार वाचनं म्हणजे २० मिलिसेकंद, म्हणजे नेमकी एक पूर्ण लाट. ४० वाचनांची सरासरी आणखी बरी. एचएमसीचा सततचा वेग ७५ हर्ट्झच्या पुढे जात नाही. तिला निदान एक सेकंदाची सरासरी द्या.

यानंतर तरंगणं थांबलं तर आजार ओळखला गेला. एवढं लक्षात ठेवा की या सरासरीने ५० हर्ट्झचा खरा करंटही पुसला जातो. ही रिंग आता फक्त डीसीची.

५. स्क्रू, पिना, वायरी (खर्च किरकोळ)

लोखंडी एम३ स्क्रू काढून नायलॉनचे लावा. पितळी चालतात, पण पितळी म्हणून मिळालेला स्क्रू आधी चुंबकाला लावून बघा, पिवळा मुलामा दिलेलं लोखंड सर्रास विकलं जातं. मॉड्यूलच्या हेडर पिनाही चुंबकाला चिकटतात का बघा. चिकटत असतील तर काढून तांब्याच्या वायरी थेट सोल्डर करा. ही चाचणी मोकळ्या पिनांवर आणि स्क्रूंवर करायची. निओडिमियमचं चुंबक बसवलेल्या सेन्सरजवळ नेलं तर आसपासचं लोखंड चुंबकीय होऊन नवं काम वाढतं.

एका सेन्सरजवळच्या स्क्रूने ५ मायक्रोटेस्लाचा ऑफसेट दिला असं धरा. आठांच्या सरासरीत तो ०.६ होतो, आणि ५ सेंटिमीटरच्या रिंगमध्ये ०.६ म्हणजे सुमारे १५० मिलिॲम्पिअरचा खोटा करंट. एका स्क्रूमुळे.

बॅटरी रिंगवर चढवू नका. १८६५० सेलचं डबडं पोलादी असतं, सीआर२०३२ चंही तसंच. पॉवर आणि ग्राउंडची जोडी एकमेकींना पीळ देऊनच न्या. एकटी वायर सेन्सरपासून ५ मिलिमीटरवरून ५ मिलिॲम्पिअर घेऊन गेली तरी ०.२ मायक्रोटेस्ला देते, आणि मॉड्यूलवरचा पॉवर एलईडीच काही मिलिॲम्पिअर खातो.

६. कोन, ऑफसेट आणि गेन एकाच फेरीत (वेळ लागतो, पैसे नाहीत)

एकच सेन्सर एका अंशाने वाकडा बसला तर ३८ मायक्रोटेस्लाच्या आडव्या क्षेत्रातून तो ०.६६ ची चूक करतो. आठांच्या सरासरीत ०.०८, म्हणजे २० मिलिॲम्पिअर. हाताने बसवलेलं मॉड्यूल एका अंशात बसत नाही. तीनचार अंश सहज जातात, आणि ते आठही मॉड्यूलमध्ये. गोंद उखडून पुन्हा चिकटवण्यात वेळ घालवू नका, सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्त करा.

कागदावर ४५ अंशांच्या आठ रेघा आखा, मधे रिंगचं केंद्र. रिंग सपाट ठेवून प्रत्येक रेघेवर थांबा आणि प्रत्येक सेन्सरच्या स्पर्शिक वाचनाची २०० वाचनांची सरासरी घ्या. मग एकेका सेन्सरसाठी:

- आठही वाचनांची सरासरी म्हणजे त्याचा ऑफसेट.
- प्रत्येक वाचनाला त्या कोनाच्या कोसाइनने गुणून बेरीज करा आणि चारने भागा: हा 'अ'. साइनने तसंच करून 'ब'.
- 'अ' आणि 'ब' च्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ म्हणजे त्या सेन्सरला दिसलेलं आडवं क्षेत्र. आठही सेन्सरना ते सारखं दिसायला हवं. जो फरक येतो तो गेनचा, म्हणजे संवेदनशीलतेचा.
- 'ब' आणि 'अ' चा आर्कटॅन म्हणजे त्याचा कोन. रिंगवरच्या त्याच्या नेमून दिलेल्या जागेच्या कोनातून वजा केला की वाकडेपणा मिळतो.

हा कोन आडव्या पातळीतला झाला. सेन्सर पुढेमागे झुकलाही असेल. त्यासाठी रिंग उलटी करून, म्हणजे वरची बाजू खाली करून, हीच फेरी पुन्हा घ्या. उभ्या क्षेत्रामुळे घुसलेली चूक या वेळी उलट चिन्हाने येते, दोन्हींच्या ऑफसेटमधला निम्मा फरक म्हणजे झुकण्याचा वाटा.

सावलीतच काम करा आणि पॉवर दिल्यावर दहा मिनिटं थांबा. या चिपचा ऑफसेट आणि गेन दोन्ही तापमानाबरोबर सरकतात. उन्हात ठेवलेल्या रिंगची एक बाजू तापते, दुसरी नाही, आणि दुरुस्ती अर्ध्या तासात शिळी होते. क्यूएमसीमध्ये सेट-रीसेटच्या रजिस्टरमध्ये (हेक्स ०बी) १ लिहिलंय ना, ते इथेच बघून घ्या. बऱ्याच नमुना कोडमध्ये ती ओळ गाळलेली असते.

दुरुस्तीनंतर अर्ध्या अंशाची चूक उरली तरी आठ सेन्सरची रिंग सुमारे ३० मिलिॲम्पिअरपर्यंत शून्य धरते. या चिपकडून एवढंच मागावं.

७. खरा करंट देऊन बघा

दुरुस्ती खरी आहे की आकडे नुसते दाबले गेलेत, हे इथे कळतं. १२ व्होल्टची बॅटरी आणि गाडीच्या इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब घ्या. त्यातून १.७५ ॲम्पिअर जातो. वायर रिंगच्या मध्यातून सरळ न्या, परतीची वायर निदान २० सेंटिमीटर लांबून. बॅटरी आणखी लांब. सरासरी ७ मायक्रोटेस्ला यायला हवी. बॅटरीची टोकं उलटी करा, -७ यायला हवी. दोन्हींची वजाबाकी करून निम्मं केलं की पृथ्वी, स्क्रू, स्लॅब, ऑफसेट सगळं गळून पडतं आणि फक्त करंट उरतो. ज्यांना करंट सुरू आणि बंद करता येतो, त्यांनी सहावी तपासणी सोडून थेट ही पद्धत वापरली तरी चालेल. प्रोजेक्टच्या प्रात्यक्षिकाला तर हीच वापरावी.

इथे चौकोनी मांडणीवाल्यांची एक चूक हमखास सापडते. १० सेंटिमीटरच्या चौकोनाच्या चार बाजूंच्या मध्यावर चार सेन्सर आणि वायर बरोबर मध्यात, अशा वेळी बाजूची लांबी गुणून केलेली बेरीज २७ टक्के जास्त येते. बाजूच्या मध्यावर क्षेत्र सगळ्यात जास्त असतं आणि कोपऱ्यांत कमी, आपण मात्र सगळी बाजू मध्यासारखीच धरतो. सेन्सर वर्तुळावर मानून परिघाने गुणा, चूक जाते.

वायर मध्यात नसेल तर? समान अंतरावरच्या सेन्सरच्या रिंगला याचा फटका किती बसतो ते सोपं आहे: केंद्रापासूनचं अंतर भागिले त्रिज्या, आणि त्याचा सेन्सरच्या संख्येइतका घात. वायर अर्ध्या त्रिज्येवर सरकली तर चार सेन्सरला सुमारे ६-७ टक्क्यांपर्यंत चूक, आठ सेन्सरला अर्ध्या टक्क्याच्या आत. बाहेरच्या वायरीला हाच हिशेब उलटा लागतो, त्रिज्या भागिले तिचं अंतर. म्हणूनच चारवर काटकसर करण्यापेक्षा मल्टिप्लेक्सरचे आठही चॅनल भरावेत.

८. चिपच बिघडली असेल तर

एचएमसीमध्ये सेल्फ-टेस्ट असते. आतली बारीक कॉइल एक्स आणि वायवर सुमारे १.१६ गॉस देते. ३९० काउंट प्रति गॉसच्या गेनवर उत्तर २४३ ते ५७५ यांच्यात आलं तर चिप ठीक. क्यूएमसीवाल्यांनी संशयित मॉड्यूल शेजारच्या जागी लावून बघावं. दोष मॉड्यूलबरोबर गेला तर मॉड्यूल बदला, जागेवरच राहिला तर चॅनल, वायर किंवा तिथलं लोखंड. बदललेल्या मॉड्यूलसाठी सहावी तपासणी पुन्हा करावी लागते, ती टाळता येत नाही.

कुठे थांबायचं

सातवी तपासणी पास झाली, रिकाम्या जागी शून्य येतो, पण भिंतीतल्या वायरिंगपाशी, पाण्याच्या लोखंडी पाइपापाशी किंवा अर्थिंगच्या पट्टीपाशी नेल्यावर मेन चालू असताना सरासरी न काढलेली वाचनं बिथरतात आणि मेन बंद केल्यावर शांत होतात. फेज आणि न्यूट्रल शेजारीशेजारी असतात तेव्हा त्यांची क्षेत्रं एकमेकांना जवळपास मारतात. तरीही इतकं उरत असेल तर करंटचा काही भाग न्यूट्रलऐवजी दुसऱ्याच वाटेने परत जात असण्याची शक्यता आहे: लीकेज, किंवा न्यूट्रल आणि अर्थ चुकीच्या जागी जोडलेले. इथे रिंग बाजूला ठेवा. डिस्ट्रिब्युशन बोर्डाचं झाकण उघडू नका, पाइपाला उघड्या हाताने हात लावू नका. परवानाधारक इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि लीकेज क्लॅम्प मीटर आणायला सांगा, साधा क्लॅम्प मीटर काही मिलिॲम्पिअर दाखवत नाही. माणसाच्या संरक्षणासाठीचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) ३० मिलिॲम्पिअरचा असतो. तो वारंवार पडत असेल तर पुन्हापुन्हा वर करत बसू नका, आणि घरात तो बसवलेलाच नसेल तर याच फेरीत बसवून घ्या. मीटर आणि त्याच्या अलीकडची वायर महावितरणची. तिथे संशय असेल तर १९१२ वर तक्रार द्या, सीलला हात लावू नका.

सातपूर-अंबडच्या कारखान्यात ड्राइव्हच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या यंत्राच्या) पॅनेलजवळ मोजायचं असेल तर या रिंगचा विचारच सोडा. ड्राइव्ह किलोहर्ट्झमध्ये स्विच करतात, २०० हर्ट्झच्या सेन्सरला त्यातलं काहीही खरं दिसत नाही. ते काम प्लांटच्या इलेक्ट्रिकल विभागाचं.

आणि ०.१ मायक्रोटेस्लाच्या खाली, म्हणजे या रिंगमध्ये २५ मिलिॲम्पिअरच्या खाली, खात्रीने काही दाखवायचं असेल तर या चिपवर आणखी पैसे घालू नका. तिथे फ्लक्सगेट (जास्त संवेदनशील चुंबकीय सेन्सर) लागतो आणि ज्ञात क्षेत्रात केलेलं कॅलिब्रेशन. कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत हेल्महोल्ट्झ कॉइल (मधोमध एकसारखं, हिशेबाने काढता येणारं क्षेत्र देणारी दोन कॉइलची जोडी) बहुधा असते. १५ सेंटिमीटर त्रिज्या, दर कॉइलला २० वेढे आणि १ ॲम्पिअर धरला तर मधोमध १२० मायक्रोटेस्ला मिळतं. तिथल्या शिक्षकांकडे जाताना फेरीची आठ-आठ वाचनं, चिपचे पत्ते, वाचनाचा वेग आणि मेन बंद असतानाचा आकडा, हे चारही एका कागदावर लिहून न्या. नुसता पडद्याचा फोटो पाहून कुणालाच काही सांगता येत नाही.